खाडा न सांगता गेलेला माणूस

मंडळी, आज दुपारी बोईसरला जेवून आलो. सांगायचं इतकंच, पण सांगतो.

साठच्या दशकात, तारापूरचं अणुकेंद्र बांधलं जात होतं तेव्हा, मी तिथे नकाशे काढायच्या कामाला होतो. जेवण बोईसरलाच, मूळच्या मुरबे गावच्या काशीबाईंच्या खाणावळीत. त्यांचा नियम एकच, यायचं नसेल तर आदल्या दिवशी खाडा सांगायचा. नाहीतर त्या ताट वाढून वाट बघत बसायच्या.

एके दिवशी वडील गेल्याची तार आली आणि मी सांगलीला घरी जायला कामावरूनच स्टेशन गाठलं. पुढे नोकरी सांगलीतच लागली. काशीबाईंना साधं पोस्टकार्डही टाकलं नाही.

आज त्याच खाणावळीत गल्ल्यावर त्यांची मुलगी होती, तीच आता सत्तरीला आलेली. मी ओळख सांगितली.

"खाडा न सांगता गेलेले ते तुमीच काय? आयनं तीन दिस तुमचं ताट झाकून ठेवलेलं. तुमच्या जागेवर कोनाला बसू देत नव्हती. 'पोरगा येल' बोलायची."

काशीबाईंना जाऊनही वीस वर्षं झाली म्हणे.

मला वाटलं, आता डोळे भरून येतील. काही झालं नाही. बोंबलाचं कालवण तेच होतं. जेवलो, हात धुतले. निघताना मात्र तोंडातून आपोआप गेलं, "बाई, उद्या माझा खाडा."

"बरं हाय," म्हणाली, आणि तिने माझं ताट उचललं.

तुमचंही कुठे झाकून ठेवलेलं ताट आहे का हो?