जुना तीन, नवा सात

टिंगटाँग मावशींना अख्खं स्टेशन ओळखायचं, पण चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. घोषणेआधी घंटी वाजते ना, तिच्यावरून कुणा वात्रटाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. चहूकडच्या गाड्या जिथे एकमेकींना भेटतात अशा त्या स्टेशनात कुठली गाडी कुठल्या फलाटावर येते, हे जिन्यावरच्या काचेच्या खोलीतून मावशी सांगायच्या. अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं आणि त्याचा त्यांना जराही कंटाळा नव्हता.

मग स्टेशन वाढलं. पुढच्या अंगाला चार नवे फलाट आले आणि मोजणी तिकडून सुरू झाली. जुना एक झाला पाच, जुना तीन झाला सात. स्टेशनमास्तरसाहेब माणूस भला, पण स्पष्ट बोलले, "मावशी, आकड्यांचा घोळ झाला तर मला रेकॉर्ड केलेला आवाज लावावा लागेल. माझा नाइलाज आहे."

माईक गेला तर आपण उरलो कशाला, हेच मावशींना कळेना. घरी घोकंपट्टी सुरू झाली. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याने विचारावं, "अगं, माझी कात्री कुठाय?" तर या म्हणायच्या, "जुन्या तीनवर, म्हणजे नव्या सातवर."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "कात्री राहू दे. चहा कुठल्या फलाटावर येतोय, तेवढं सांग."

नवे आकडे लागू झाले त्या सकाळी साहेब स्वतः मागे येऊन उभे राहिले. सुरुवातीच्या गाड्या बिनचूक गेल्या. मावशी जरा सैलावल्या आणि तिथेच घात झाला. सगळ्यात गर्दीची गाडी, जुन्या तीनची. जीभच ती, गेली जुन्या वळणावर. "फलाट क्रमांक तीन," मावशी बोलून गेल्या. नवा तीन पार पलीकडच्या टोकाला. लोक तिकडे धावले की गाडी चुकलीच म्हणायची.

खाली बघायचा धीर होईना. डोळे मिटून त्यांनी पुन्हा माईक उघडला. एरवी "आम्ही दिलगीर आहोत" असं छापील बोलणाऱ्या मावशींच्या तोंडून निघालं, "माझी चूक झाली हो. गाडी सातवर येतेय."

"मावशी, डोळे उघडा," साहेब म्हणाले. "तुम्ही तीन म्हणालात आणि सगळे आधीच सातवर जाऊन उभे राहिलेत."

खरंच की! गाडी बदलणारा सगळा लोंढा सातवरच होता. नव्या तीनवर चिटपाखरू नव्हतं. कुणी नवखा बॅगा घेऊन तिकडे निघाला होता, त्याला एका बाईने दंडाला धरून वळवलं होतं. तीच बाई आता वर बघत खिडकीकडे ओरडली, "मावशी, तुमचा तीन कुठला ते आम्हाला ठाऊक आहे!"

साहेब हसले. "रेकॉर्डने हीच चूक केली असती, तर बिचारे खरंच तिकडे गेले असते."

मावशींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, लोक नुसता आकडा ऐकतात आणि पळतात.

आभार मानायची घोषणा नियमांत कुठेच नव्हती. मावशींनी ती केली, अडखळत, नाक ओढत. आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही.