तेलाच्या कचेरीवरचा पहारा

सिस्टरचा नवरा तुरुंगात गेला तो एका विनोदापायी. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गातला देशप्रमुखांचा फोटो तिरका का, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "फोटो सरळच आहे, तेच एका बाजूला कललेत." पोरं खो खो हसली. मास्तरांना त्याच आठवड्यात उचललं.

सिस्टर इस्पितळात मुलांचा वॉर्ड सांभाळायची. कुणी विचारलंच तर "आमचे हे बाहेरगावी असतात" म्हणून वेळ मारून न्यायची. अशी कैक वर्षं गेली.

मग परदेशी फौज आली. "तुम्हाला मोकळं करायला आलोय," असं रेडिओवर सांगत होते. आणि खरंच, तुरुंगाची दारं फोडली. मास्तर घरी आले ते नुसता हाडांचा सापळा होऊन. पाय सुजलेले, जिने चढता येईनात. बंद दाराआड त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून शहरात लुटालूट चालू असतानाही सिस्टर दार सताड उघडं टाकून निजायची.

त्या फौजेतल्या एका कोवळ्या शिपायाने मास्तरांना पाठीवर घेऊन कोठडीतून खाली आणलं होतं. त्याचं कौतुक किती करू असं त्यांना व्हायचं. "घामाघूम झाला होता गं पोरगा, पण मला खाली ठेवायला तयार नाही." हे सांगताना दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे, आणि सिस्टर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची.

पोलीस तर कधीच पसार झाले होते. दुकानं संपली तशी लुटारूंची नजर इस्पितळाकडे वळली. आधी खाटा गेल्या, मग भिंतीतल्या तारा, आणि एका सकाळी औषधांचा फ्रीज. इन्सुलिन त्यातच होतं. सिस्टर तशीच गणवेशात निघाली. पलीकडच्या रस्त्यावर तेल खात्याची कचेरी होती. तिथे काटेरी तारा, दारात रणगाडे, खिडकीखिडकीत परदेशी शिपाई. आतला एक कागदसुद्धा हलला नव्हता.

तिथल्या अधिकाऱ्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. दुभाष्यामार्फत तिने इस्पितळाच्या पहाऱ्याला फक्त दोन माणसं मागितली. तो म्हणाला, आम्हाला हुकूम आहे तो या इमारतीपुरता.

"इथे कोण आजारी आहे?" सिस्टरने विचारलं.

दुभाष्या क्षणभर अडखळला, मग त्याने ते सांगितलं. अधिकाऱ्याने आपल्याकडची मलमपट्टीची पेटी तिच्यापुढे केली. तिला ती त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली, पण वॉर्डात पट्ट्या नव्हत्या. तिने ती घेतली.

घरी येऊन तिने सगळा राग नवऱ्यावर काढला. "तुमच्या त्या पाहुण्यांना तेलाशिवाय काही दिसत नाही." बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. मास्तरांनी सुजल्या पायांत तिच्या चपला सरकवल्या आणि भिंतीला धरत निघाले. ती मागोमाग गेली. मास्तर इस्पितळाच्या फाटकात जाऊन बसले, अगदी वाटेच्या मधोमध.

दुपारी एक धिप्पाड गडी हातगाडी ढकलत आला. "म्हाताऱ्या, बाजूला हो," म्हणाला, आणि मग निरखून बघत राहिला.

"मास्तर? तुम्ही जिवंत आहात?"

"अजून तरी," मास्तर म्हणाले. "तू नद्यांच्या धड्यात नापास झाला होतास ना?"

गडी गाडी तिथेच आडवी लावून त्यांच्याशेजारी बसला. संध्याकाळपर्यंत आणखी माणसं जमली, काही तुरुंगातलेच सोबती. मुलांचा वॉर्ड वाचला. एक्स-रेचं यंत्र मात्र मागच्या दाराने गेलंच.

पुढे एक परदेशी बातमीदार मास्तरांना भेटायला आला. फौजेने तुम्हाला सोडवलं, मग तक्रार कसली, असं त्याचं म्हणणं. मास्तर म्हणाले, "ज्याने मला पाठीवर घेतलं त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण बुडत्याला बाहेर काढलं म्हणून त्याच्या घराच्या किल्ल्या काही आपल्या होत नाहीत."

छापून आलं ते फक्त पहिलं वाक्य.

तेलविहिरींचे करार परदेशी कंपन्यांशी झाले. मास्तर पुन्हा शाळेत जाऊ लागले. नवरा-बायकोत त्या विषयावरून अधूनमधून वाजायचंच. "ते आले नसते तर मी आतच मेलो असतो," असं मास्तर म्हणाले की सिस्टर त्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसायची. आणि फ्रीज गेला त्या दिवसांत वॉर्डात इन्सुलिनवाचून गेलेल्या मुलीचं नाव तिच्या तोंडून निघालं की मास्तर उठून तिच्यासाठी चहा ठेवायचे, साखर जरा जास्तच घालून.