आबांच्या आवाजाचं काय ठरलं

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळा जन्म मेंढरांमागे काढला. तलवाड्याच्या माळावर मेंढरं पार त्या टोकाला पांगलेली असायची आणि आबा बांधावर बसल्या जागेवरून हाळी द्यायचे. एक लांबलचक हुर्रर्र, शेवटी जिभेचा टकटक आवाज. मेंढरं माना वर करायची आणि चालू लागायची. काठी नुसती टेकायला. तोच गळा माझ्याकडे आलाय. मी गेवराईकडच्या गाड्यांवर कंडक्टर आहे. माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसून ‘ऐकू आलं नाही’ म्हणायची कुणाची टाप नाही. आमचे ड्रायव्हर म्हणतात, बाई, तुम्ही असल्यावर मला हॉर्नची गरज पडत नाही. म्हणू देत.

आबांची आणखी एक रीत होती. कळपातलं जनावर विकायचं तर आधी आबा त्याच्या पाठीवर हात ठेवणार आणि ‘ने’ म्हणणार. त्याशिवाय व्यापाऱ्याने दोर धरायचा नाही. घरात आबा नसतील तर सौदा दारातून परत जायचा. चांगला भाव येऊन गेल्याबद्दल माझा धाकटा भाऊ कितीदा तरी चरफडलाय, पण रीत कधी मोडली नाही.

तर त्या आबांचा आवाज बसला. दिवाळीच्या सुमाराला घोगरा झाला. आधी वाटलं थंडी, मग वाटलं धूळ. मायनं अद्रकाचे काढे पाजले. मग आबांनी स्वतःच नानांना सांगितलं, गळ्याला डाग दे. नाना म्हणजे माझे चुलते, आबांच्या पाठचे. आमच्यात जनावर लंगडलं, सुजलं, खोकलं की डाग देतात. विळा चुलीत लाल करायचा आणि दुखऱ्या जागेवर टेकवायचा. माणसांनाही देतात. लहानपणी माझ्या पोटावर दिलेत, खुणा अजून आहेत. नानांनी विळा टेकवला, आबांनी हूं की चूं केलं नाही. त्यानंतर थोडे दिवस आवाज सुटल्यासारखा वाटला, म्हणून सगळे खूश. नंतर पार खरखर. मला हे सगळं फोनवर कळत होतं आणि मी फोनवरच भांडत होते. शेवटी संक्रांत झाल्यावर रजा टाकून घरी गेले आणि सांगितलं, उद्या दवाखाना. ‘बघू’ म्हणेल त्याची माझ्याशी गाठ आहे.

एका दवाखान्यातून दुसऱ्यात, असं करत आम्ही संभाजीनगरला कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. नाकातून बारीक कॅमेरा घातला, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट सांगायच्या दिवशी डॉक्टर बाईंनी आबांना आत बोलावलं, तर नाना पुढे झाले. “आमाला सांगा म्याडम. त्यांचं काळीज लई कच्चं हाय.” आणि भावाला म्हणाले, जा, दादाला, म्हणजे आबांना, च्या पाजून आण. लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलेल्या माणसाचं काळीज कच्चं. मी काही बोलणार, तोवर ते दोघं बाहेर गेलेसुद्धा.

बाई तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी सरळ सांगितलं. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, अजून गळ्यापुरताच आहे. दोन रस्ते आहेत. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं. मग मूळचा आवाज गेला, गळ्याला खाली कायमचं छिद्र, श्वास त्यातून. दुसरा, दीड-दोन महिने लाईट, म्हणजे गळ्यावर किरणांचा शेक, सोबत किमो. त्यात आवाज वाचायची आशा आहे, पण त्रास मोठा, खात्री नाही. दुखणं उरलंच तर नंतर ऑपरेशन करावं लागेल. “दोन्ही रस्ते बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “पण गळा त्यांचा आहे. त्यांना विचारून आठवडाभरात सांगा.” आणि मग हळूच म्हणाल्या, गळ्यावर ही भाजल्याची खूण कशाची? नाना वर पंख्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुणेनं काही बिघडत नाही, वेळ मात्र गेला, म्हणाल्या.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली बैठक बसली. नाना, भाऊ, माय आणि मी. खरं तर लग्न झालेल्या लेकीला अशा बैठकीत कुणी विचारत नाही, पण मला उठवायची हिंमतही कुणी केली नाही. आबा समोरच, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघुरीपाशी, एका कोकराच्या पायातला काटा काढत बसले होते. त्यांना एवढंच सांगितलं होतं की बारकी गाठ आहे, काढायची आहे.

“आपरेशन करून टाकायचं,” नाना म्हणाले. “एकदाच काय ते. लाईट लई वंगाळ. उमापूरच्या माझ्या साडूला दिलती, वरीस काढलं न्हाई त्यानं.”

“नाना, त्यांचं पोटाचं हुतं. अन् लई उशिरा कळलतं.”

“कॅन्सर त्यो कॅन्सरच.”

“आवाज जाणार हाय आबांचा. कायमचा.”

“जाऊ दे गेला तर,” नाना म्हणाले आणि त्यांचाच आवाज फाटला. “माणूस तर दिसंल की डोळ्यापुढं. ह्या हातानं डाग दिलाय मी, त्यात येळ गेला. आता अर्धवट काय नको मला.”

नाना वाईट माणूस नाही. त्यांच्याइतका जीव आबांवर आमच्यापैकी कुणाचा असेल, सांगता येत नाही. भावाने मान हलवली. माय शेंगा फोडत होती, तिने मान वर केलीच नाही. नाना मला म्हणाले, लाव फोन बाईला, आपरेशन म्हणून सांग.

फोन माझ्या हातात होता. माझं डोकं सणकलं.

“नाना, मागच्या बाजाराच्या दिवशी यापारी आल्ता ना? त्या कानफाट्या मेंढीला चांगलं गिऱ्हाईक हुतं. कावून दिली न्हाई?”

“दादा घरी नव्हता,” नाना म्हणाले.

“आज तर हाय की घरी. त्यो काय समोर बसलाय.”

माय शेंगा फोडायची थांबली. मी उठले, आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि बाईंनी सांगितलं होतं ते सगळं, दोन्ही रस्ते, जसंच्या तसं सांगितलं. कॅन्सर हा शब्दसुद्धा. तो त्यांना ठाऊक होता. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारच्या माणसाने ‘तुमचा कुठला?’ म्हणून विचारलं होतं. पण आवाज जाणार, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कोकरू खाली सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तडक लिंबाखाली गेले.

“मला इचारलं का बे?” त्या फाटक्या आवाजात ते नानांना म्हणाले.

“तुला तरास नको म्हणून, दादा.”

आबांनी आपला पंजा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, बरोबर डागाच्या खुणेवर. “ह्या जनावराला मी ‘ने’ म्हणलेलो न्हाई.”

मग खाली बसले आणि मला विचारलं, लाईट म्हणजे डागच ना? मी म्हणाले, तसंच समजा, रोजचा, दोन महिने. भाजतं, गिळता येत नाही, माणूस वाळून जातो. आणि एवढं करून गुण येईलच असं नाही. “मी डागाला भेत न्हाई,” आबा म्हणाले. “मुका व्हायला भेतो. लाईट घेऊ. न्हाईच जमलं तर कापू. पर तवा बी ‘ने’ मी म्हणणार. तुमी न्हाई.”

हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली. माय कायम तिथं, भाऊ आणि मी पाळीपाळीनं. मेंढरं नानांनी सांभाळली. लाईट देताना मान हलू नये म्हणून आबांच्या तोंडाच्या मापाची जाळी करून ती टेबलाला आवळायचे. पहिल्या दिवशी बाहेर येऊन आबा म्हणाले, “मुसकं बांधलं मला. पिकात तोंड घालीन म्हणून.” माय हसली, मीही हसले. म्हटलं, होऊन जाईल.

पुढे हसू संपलं. गळ्याची कातडी काळी पडून सोलवटली. भाकरी बंद, मग भात बंद, मग पाणीसुद्धा तोंड वाकडं करून. नाकातून नळी घातली. आणि आवाज, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पूर्ण गेला. खरखरसुद्धा उरली नाही. आबा हातवारे करायचे, आम्हाला समजलं नाही की चिडून भिंतीकडे तोंड करायचे. मला लई भीती वाटली. आवाजही गेला आणि दुखणंही राहिलं तर? त्या दिवशी लिंबाखाली मी तोंड मिटून बसले असते तर एव्हाना सगळं उरकून माणूस घरी असता, हे सारखं डोक्यात यायचं. प्रवाशांवर तर मी त्या दिवसांत इतकी खेकसले की कुणी माझी तक्रार कशी केली नाही, देव जाणे.

एकदा नाना भेटायला आले. पलंगावरचे आबा बघून दारातच थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणतील, सांगितलं होतं. माझं उत्तरही तयार होतं. पण नाना आत आले, आबांच्या पायाशी बसले आणि पाय चेपत मेंढरांचं सांगत राहिले. कुठली व्याली, कुठली बाभळीत अडकली. “तुझी हाळी मी देऊन बघितली,” म्हणाले, “एक मेंढरू ढुंकून बघत न्हाई माझ्याकडं.” आबांचे खांदे हलले. बऱ्याच दिवसांनी ते हसत होते, बिनआवाजाचं. नाना गेल्यावर मी खोलीबाहेर जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

लाईट संपली. घरी आणलं. उन्हाळा गेला, नळी निघाली, पेज जायला लागली, मग दुधात कुस्करलेली भाकरी. बाईंनी पुन्हा कॅमेरा घातला, स्कॅन केला. या खेपेला आबांना बाहेर पाठवायची कुणाची छाती नव्हती. ते खुर्चीत, आम्ही मागे उभे. बाई स्क्रीनकडे बघून त्यांनाच म्हणाल्या, “आबा, साफ आहे. तपासायला येत राहायचं, पण आज तरी काही दिसत नाही.” नाना मटकन खालीच बसले. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. मी आवाजाचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, येईल, हळूहळू येईल, पहिल्यासारखा येईलच असं नाही. गेटाबाहेर आम्ही भजी खाल्ली. आबांनी नुसता वास घेतला आणि बोटाने माझ्याकडे दाखवून मायला खुणावलं, किती खाती बघ.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दुपारची गाडी, खचाखच भरलेली. मी तिकिटं देत होते आणि खिशात फोन सारखा वाजत होता. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला आणि खेकसले, “कोण हाय?”

पलीकडून कुणी बोललं नाही. वारा, मेंढरांचं बें बें. आणि मग हाळी. जाड, जरा चिरलेली, मध्येच तुटली आणि पुन्हा सुरू झाली. पण लांबलचक. शेवटी जिभेचा टकटक आवाज. मी दांड्याला धरून जागेवर उभी राहिले. मागून नाना ओरडत होते, “बास की दादा, समदी आली. तुझ्या पायात घुटमळायलीत. आता त्यांना चरू तरी दे.”

“ऐकलं का?” आबा फोनवर म्हणाले. “अन् कावून फोन उचलत न्हाईस? माणूस कवापस्नं फोन लावतंय. दोन दोनदा कट करती. बापाचा फोन हाय का कुणाचा, बघायचं कळत न्हाई? घरी यायचं नाव न्हाई, फोन उचलायचं नाव न्हाई...”

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. दिवसभर अख्ख्या गाडीला दटावणारी मी खाली मान घालून, हूं हूं करत बोलणी खात होते. पुढचा थांबा आला तरी आबांचं चालूच होतं, आणि ते थांबू नये असं मला वाटत होतं.