ओंजळीच्या किती वर

माझी शाळा चौथीपर्यंत. पण वडीगोद्रीच्या हायवेवर पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग करताना माझ्या हाताला कोणी नाव ठेवलेलं न्हाई, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. त्यामुळं गुरुजींची मुलगी कॉम्प्युटर घेऊन दुकानात आली, तेव्हा ती बराबर जागी आली असंच मला वाटलं.

गुरुजी आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतले. आता रिटायर झालेत. मुलगी चित्रकला शिकली, पण चित्रं काढत न्हाई, मशीनी करते. तिची एक मशीन बघून पुण्यात लोक भांडायला उठले होते, असं कानावर आल्तं.

तिला लोखंडी हात पाहिजे होता, तांब्या धरून पाणी ओतणारा. कॅमेरा समोरच्या माणसाचा चेहरा बघणार. मंग कॉम्प्युटर ठरवणार, ह्याला ग्लास पुढं करायचा का वरून ओंजळीत ओतायचं.

"कशावरून ठरवणार?" मी विचारलं.

"कशावरूनच न्हाई, काका. त्याच्या मनाला येईल तसं."

"मशीनला कुठलं आलं मन?"

"माणसं तरी कशावरून ठरवत होती?"

मी पाना उचलला आणि कामाला लागलो.

जुन्या जीपच्या वायपरची मोटर घेतली, बेअरिंग भंगारातून आणले. कॉम्प्युटरचं तिनं पाहिलं. आठ दिवसांत हात हलायला लागला. शेवटचा एक बोल्ट राहिला. ओतताना तांब्या ओंजळीच्या किती वर थांबवायचा, ते त्या बोल्टवर होतं. ती पिशवीतून टेप काढायला गेली. ती येईस्तोवर मी बोल्ट आवळून मोकळा झाल्तो.

तिनं दोन-तीनदा हात चालवून पाहिला. तांब्या ओंजळीला लागत न्हाई आणि पाणीही उडत न्हाई.

"न मोजता कसं बसवलं, काका?"

"हाताचा अंदाज," मी ऐटीत म्हणालो.

ती माझ्या हाताकडं बघत टेप परत पिशवीत ठेवायला लागली. मंग माझ्या ध्यानात आलं, हा अंदाज हाताला कुठं लागला ते. गुरुजी विहिरीवरची मोटर घेऊन ह्याच दुकानात यायचे. बाकी गिऱ्हाईक माठावरच्या ग्लासानं पाणी प्यायचं. गुरुजी वाकून ओंजळ धरायचे आणि मी वरून ओतायचो. बी. ए., बी. एड. माणूस चौथी पास माणसापुढं वाकायचा. पुढं ते आपोआप बंद पडलं. त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो न्हाई.

"बोल्ट खाली घेतो," मी म्हणालो.

"नको. तुमच्या हातानं बसलाय तसाच राहू द्या. मशीनशेजारच्या पाटीवर तुमचं नाव टाकू का? न्हाई म्हणालात तर न्हाई टाकणार."

ती पाटी गुरुजी वाचणार, हे मला दिसत होतं. दोन दिवस मी उत्तर दिलं न्हाई. मंग फोन केला, टाक म्हणालो. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव मी कधी चालू दिलं न्हाई.

जालन्यात मस्तगडच्या बाजूला एका हॉलमध्ये मशीन लावली. बरीच माणसं आल्ती. एकाला वरून पाणी आलं, तर तो न पिताच मागं सरला.

"जुनं कशाला उकरून काढता?" म्हणाला आणि निघून गेला.

गुरुजी पाटीशेजारीच खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडं न बघता रांगेला लागलो. मशीननं मला ग्लास दिला. मी तो तसाच ठेवला आणि परत मागं जाऊन उभा राह्यलो. परत ग्लासच.

"आजोबा, लई तहान लागली का?" मागचा एक जण म्हणाला.

"तू पुढं बघ," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा हात वर उचलला गेला. मी वाकलो, ओंजळ धरली. पाणी बोटांतून निसटून कोपरापर्यंत आलं, सदऱ्याच्या बाह्या भिजल्या. गुरुजी उठून जवळ आले.

"कोपरं अंगाला धरा," वर्गात सांगावं तसं हळू म्हणाले. "मंग बाही भिजत न्हाई."

मी कोपरं आत घेतली. पाणी प्यालो. तोंड पुसलं.

"गुरुजी, माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले.

पुढं 'जाऊ द्या' म्हणतील म्हणून मी थांबलो. ते म्हणाले न्हाईत. आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. बाह्या वाळेस्तोवर मी तिथं बसून राह्यलो.