उजवीकडून उघडणारी पिशवी

हे दयाघना, हे चराचराच्या शिवणकाऱ्या! आभाळ तू धरणीला जोडलेस आणि टाका कुठे दिसू दिला नाहीस. दिवसाची कड रात्रीच्या कडेवर अशी बसवलीस, की रोज उकलते आणि तरी फाटत नाही. ज्यांच्या हातांत तू सुई दिलीस, त्यांच्या काळजात दोराही तूच ओवलास. तुझ्या चरणी माथा ठेवून आज तुझ्या एका लेकीची आठवण काढायची आहे. साऱ्या गल्लीत तिला टिचकाकू म्हणत.

गल्लीच्या टोकाचे घर तिचे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या बाजूला लाकडाचा ओंडका, ओंडक्यावर लोखंडी ठोकळा, आणि फळीवर काचेच्या बरण्यांत टिचबटणे. एका बरणीत टोप्या, दुसरीत वाट्या, तिसरीत गुंड्या, चौथीत कड्या. डोंगरात जाणाऱ्यांसाठी ती तंबू शिवी, पावसाळी डगले शिवी, उघड्यावर झोपायच्या उबदार पिशव्या शिवी. कापडाला भोक पाडून, मागे चामड्याची चकती देऊन, ठोकळ्यावर धरून हातोडीचा एकच नेमका घाव घातला, की बटण जन्मभराचे बसले. कोणी म्हणे, "काकू, चेन लावा ना, आजकाल सगळे चेनच लावतात." त्यावर तिचे उत्तर ठरलेले. "चेनीचा एक दात पडला, की तिचं तोंडच वाकडं. माझं एक टिचबटण रुसलं, तर बाकीची संसार सांभाळतात."

यजमान वाटाडे होते. परक्या माणसांना डोंगर चढवून सुखरूप उतरवून आणायचे, हा त्यांचा धंदा आणि हीच त्यांची उपासना. काकूने शिवलेली प्रत्येक नवी वस्तू आधी त्यांच्या पाठीवर चढे, वाऱ्यापावसात भिजे, मग दुसऱ्याच्या हाती जाई. परतले की अंगणातूनच ओरडत, "कारागीर, डाव्या काखेत पाणी शिरलं!" आणि ती आतून म्हणे, "काख नीट झाकली असतीत तर शिरलं नसतं." अशा भांडणांवर त्या घराची वर्षे सुखात गेली. मूलबाळ नव्हते, पण घरात कधी पोकळी वाटली नाही, कारण दोघांमध्ये बोलायला एक आख्खा डोंगर होता.

आणि एका सकाळी, चपलेचा पट्टा ओढता ओढता, त्यांचा डावा हात पट्ट्यावरच राहिला. अर्धांगवायूचा झटका आला होता. जीव वाचला, वाचा हळूहळू परतली. परंतु डावे अंग जे गेले ते गेलेच. ज्याने माणसांना कडे चढवले, त्याला आता कूस बदलायलाही हाक मारावी लागे. "अगं," ते म्हणत, आणि ती हातातले कापड टाकून धावे. सदऱ्यांच्या गुंड्या तिने काढल्या आणि तिथे टिचबटणे ठोकली. रोज सकाळी ती त्यांच्या डाव्या बाजूला बसे, मेलेला हात आधी बाहीत घाली, आणि वरपासून खालपर्यंत बटणे लावत जाई. ते छताकडे पाहत राहत.

अशी दोन वर्षे गेली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले होते, की दुसरा झटका कधीही येईल. तिने ते यजमानांना सांगितले नव्हते, आणि त्यांना ते ठाऊक होते.

एके दुपारी ते म्हणाले, "अगं, एक मागू?"

"चहा सोडून काहीही मागा. आत्ताच झालाय."

"मागच्या गवतात झोपायचंय. एकदाच. तिथून डोंगर दिसतो. आणि सकाळी आपलं आपण उठून बसायचंय. तुला हाक न मारता."

तिचे यंत्र थांबले. "पडलात म्हणजे?"

"पडलो तर जमिनीवरच ना? तिची-माझी जुनी ओळख आहे."

"आणि मी काय करायचं तेव्हा?"

"पडून राहायचं. मी हाक मारली तरच यायचं. नाहीतर नाही. शब्द दे."

बाई, बोल ना! पण बोलते कशी? ज्या हाकेने तिच्या झोपेचे तुकडे केले, त्याच हाकेवर तिचा दिवस उभा होता. तरी तिने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी कापड बेतायला घेतले.

काय ती पिशवी! खाली जाड ताडपत्री, वर मऊ कापूस भरलेले अस्तर, डोक्याला वाऱ्यापासून आडोसा देणारी टोपी, आणि कडेने ओळीने टिचबटणे. बरणीतली सर्वांत घट्ट तिने निवडली, वाऱ्याच्या बापालाही उघडता येऊ नयेत अशी. नणंदबाई दोन घरे सोडून राहत. रोज येत, आणि रोज काहीतरी टोचून जात. त्या म्हणाल्या, "वहिनी, लग्नात माझ्या दादाला एवढं नटवलं नव्हतंस!"

"लग्नात शिंपी दुसरा होता, वन्सं."

पिशवी तयार झाली. दुपारी खोलीतच सतरंजीवर त्यांना निजवले, काकूने वरपासून खालपर्यंत बटणे लावली, आणि म्हणाली, "उघडा आता."

आत उजवा हात हलला. वर गेला, खाली गेला, कडेने कड शोधत फिरला. जाड कापडाखाली त्याची हालचाल दिसत होती, दमत होती, पुन्हा सुरू होत होती. कड सापडेना, सापडणार कशी? पिशवी डावीकडून उघडत होती. त्यांच्या मेलेल्या बाजूने.

नणंदबाई म्हणाल्या, "अगं, मग उलटी करून घाल की!"

"उलटी केली तर टोपी त्यांच्या नाकावर येईल," काकू कसेबसे बोलली.

वाटाडे आतून हसले. हसण्यात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "कारागीर," ते म्हणाले, "दार तुझ्या बाजूला ठेवलंस गं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नणंद मागोमाग आली. "रडतेस काय अशी? चूक झाली, उसवून टाक."

"चूक नाही झाली, वन्सं," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "कापड बेतताना मी जिथे रोज बसते तिथेच बसले होते. त्यांना माझ्यावाचून उठता यावं, हे माझ्या हातांना पटलंच नाही."

 नणंदबाईंनी वहिनीच्या पाठीवर हात ठेवला.

हे अंतर्यामी, तू साक्षी आहेस! माया किती आंधळी असते, आणि डोळे उघडले की किती शूर होते! दोऱ्याचा टाका उसवतो. ठोकलेले टिचबटण उसवत नाही, ते पकडीने फोडावे लागते, आणि जाताना कापडाला जखम करून जाते. तिने एकेक बटण फोडले. डावी कड कायमची शिवून टाकली. उजवी कड कापली, त्यांच्या जुन्या डगल्याची पट्टी काढून तिथे जोडली, आणि या वेळी सैल बटणे निवडली, मुठीच्या पाठीने ढकलले तरी सोडतील अशी. वाऱ्याने उघडली तर उघडू देत, वारा त्यांचा होता. मग डावा हात कमरेखाली दाबून ती स्वतः त्या पिशवीत शिरली.

"आता तूही अडकलीस तर तुम्हा दोघांना मी एकटीने उठवू होय?" नणंद दारातून ओरडली, आणि वाटाडे हसता हसता खोकू लागले. काकू मात्र बाहेर आली. एका हाताने आली.

हवा कोरडी होती, आभाळ मोकळे. संध्याकाळी दोघींनी त्यांना घरामागच्या गवतात नेऊन निजवले. तिथे बुटकी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे डोंगर. काकूने थोड्या अंतरावर आपली वळकटी पसरली.

पहाटेच्या पहिल्या उजेडात तिने तो आवाज ऐकला. टिच. मग श्वास. मग पुन्हा टिच. प्रत्येक आवाजाला तिचे अंग उठू पाही, आणि प्रत्येक वेळी ती पांघरुणाची कड मुठीत आवळून पडून राही. शेवटचे बटण उघडले. गवत सरपटल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. किती वेळ ते सरपटत होते, ते देव जाणे. अखेर भिंतीला पाठ टेकून, मान वळवून, ते डोंगराकडे पाहत बसले. आपले आपण उठून बसले.

मग त्यांनी उजवा हात वर केला. पुढच्या वळणावर पोहोचलेला वाटाड्या मागच्यांना करतो तसा, सारे ठीक आहे, या सावकाश. निदान तिला तसे वाटले. हात खाली आला. ती हाकेची वाट पाहत राहिली. हाक आली नाही. ऊन भिंतीवर उतरले, तेव्हा ती त्यांच्यापाशी गेली. हात अजून उबदार होता. ते राहिले नव्हते.

सारे ऐकून नणंद धाय मोकलून रडली. "हात वर केला तेव्हा उठायचंस ना गं! बोलावत असेल तुला!"

"शब्द दिला होता," एवढेच काकू म्हणाली. आणि त्या दिवसापासून तोच प्रश्न तिच्या उशाशी येऊन बसला: तो हात सांगत होता, की बोलावत होता?

कितीतरी महिन्यांनी नणंदबाई आपणहून म्हणाल्या, "वहिनी, दादाचा आवाज शाबूत होता. बोलवायचं असतं तर गल्ली गोळा केली असती त्याने."

"हो, वन्सं," काकू म्हणाली. पण तिचा आवाज हो म्हणत नव्हता.

आजही खिडकीशी यंत्र चालते. कोणी पिशवी सांगायला आले, की कापडाला कात्री लावण्याआधी ती विचारते, "उठायचं कोणत्या बाजूने?" तरुण पोरे हसतात, "कोणत्याही, काकू." ती मान हलवते. त्यांना आधी सतरंजीवर निजवते, डोळे मिटायला सांगते, आणि त्यांचा कोणता हात आपसूक हलतो ते पाहते. मगच बेतते.

हे करुणाकरा, तो उंचावलेला हात तू पाहिलास. त्याचा अर्थ तिला कधीतरी शांत झोपेत सांग. ज्याने हाक मारली नाही त्याला तुझ्या डोंगरावर निवांत बसव. जी उठली नाही तिच्या हातांना बळ दे. आणि त्या उंबरठ्यावर, त्या नणंदेच्या बोचऱ्या जिभेवर, तिथे शिवलेल्या प्रत्येक पांघरुणात निजणाऱ्या जिवावर तुझी सावली अखंड राहो. त्या घराचे कल्याण असो.