लुगड्यावरचा गूळ

“माह्या सासूच्या लुगड्यावर गूळ ठेवला तुनं? गूळ?”

“चिमूटभर आहे, पुष्पाबाई. डाग नाई पडत त्याचा.”

“डागाचं नाई विचारून राह्यले मी. काऊन ठेवला, ते सांग.”

“मुंग्या येतात का ते पाहाले.”

“मंग? आल्या?”

“गाठोडं आलं तवापासून रोज ठेवते. एक नाई आली.”

“मंग चांगलंच झालं की वं! मुंगी आली नाई म्हून तू शिवाले बसली नाई? डोकं फिरलं का तुहं?”

“फिरते. रोज दिवस कलला की फिरते.”

चांगुणा हे हसून बोलली नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बसली होती. उठून उभं राहण्याइतकंही भांडण तिच्यात उरलं नव्हतं. पुष्पाबाई मात्र उभ्याच होत्या. दोघींच्या मधे गाठोडं सोडून ठेवलेलं, त्यात पुष्पाबाईंच्या गेलेल्या सासूची तीन जुनी लुगडी, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली. पुष्पाबाईंची विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धाड गावी, आली होती, आठवा सरत आला होता. येणाऱ्या लेकराची गोधडी पणजीच्या लुगड्यांची व्हायची, असं घरात ठरलं होतं. पुष्पाबाईंचे यजमान रामराव गावातले मातब्बर. त्यांच्या घरची बाई एरवी कुणाच्या ओसरीवर चढत नसे, गडी पाठवत असे. आज स्वतः आली, कारण गाठोडं देऊन आठ दिवस झाले तरी एक टाका पडला नव्हता.

महाराष्ट्र होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, आणि चांगुणाला गोधड्या शिवायला लागून बावीस. गावातली अर्धी माणसं तिच्या टाक्यांखाली झोपायची. तिचा धावदोरा इतका सरळ की बायका म्हणायच्या, “चांगुणा सुईनं शिवत नाई, तिफणीनं पेरते.” गोधडी मांडीवर घेऊन शिवता येत नाही, गोधडीवर बसून शिवावी लागते. सकाळी बसलं की उन्हं उतरेपर्यंत तिथंच. दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं, पीळ द्यायचा, नेढ्यातून ओवायचं. दोरा संपत आला की गाठ मारून दातानं तोडायचा. असं दिवसातून किती वेळा, ते तिनं कधी मोजलं नव्हतं. पापणी किती वेळा लवते, ते तरी कोण मोजतं?

ढेकूण तेव्हा घरोघरी होते. पण घरोघरी आहेत, हे कुणाच्याच घरी कबूल नव्हतं. पूर्वी बायका बाज अंगणात काढून तिच्यावर उकळतं पाणी ओतायच्या, तेव्हा सगळ्या आळीला कळायचं. मग ढेकूण मारायची पावडर आली. दुकानदार मोठ्या डब्यातून काढून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. दार लावून भुरभुरली की काम फत्ते, शेजारणीला पत्ता नाही. चांगुणाकडे गाठोडं पाठवायच्या आधी तर बायका घडीघडीत पावडर घालायच्या. न जाणो, आपल्या घरचा ढेकूण तिच्या ओसरीवर चालत निघाला, तर? त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपली लाज राखायची, तिलाही त्रास नको, असा सगळा शहाणपणा होता.

चांगुणाही पावडरीची वैरी नव्हती. तिचा नवरा गुलाबराव हिवतापानं गेला, चार गोधड्यांखाली कुडकुडत. त्या चारही तिनंच शिवलेल्या. नंतर मलेरियावाले आले, तसलंच औषध फवारून भिंती पांढऱ्या करून गेले, आणि गावातलं कुडकुडणं थांबलं. ते आले की ती त्यांना चहा पाजायची. “तुमी दहा वर्स आधी काऊन नाई आले बाबा?” एवढंच विचारायची.

मग दोन वर्षांपूर्वी तिचे ओठ झिणझिणायला लागले. जीभ जड व्हायची, जशी दुसऱ्या कुणाची तोंडात ठेवलीय. दुपारनंतर कपाळ ठणकायचं. एक दिवस नेढं सापडेना. डोळ्यांना दिसत होतं, हात तिथंवर जात होता आणि ऐन वेळी थरथरून बाजूला होत होता. चाळिशी लागली, असं सगळे म्हणाले. मलकापूरला जाऊन चष्मा आणला. नेढं मोठं दिसायला लागलं आणि थरथरही.

उलगडा झाला तो हिवरा आश्रम या गावी, भावाकडे. भावजयीच्या दुखण्यासाठी ती महिनाभर तिथं राहिली. धुणी, भाकरी, गुरं सगळं केलं. सुई तेवढी हातात धरली नाही. विसाव्या दिवशी भावाच्या सदऱ्याचं बटण लावायला बसली, तर दोरा पहिल्या फटक्यात नेढ्यातून गेला. तिनं तो काढून पुन्हा ओवला. पुन्हा काढला, पुन्हा ओवला. भाऊ म्हणाला, “बटन लावून राह्यली का खेळून राह्यली?” ती सदऱ्यावर डोकं ठेवून रडली.

धाडला परत आली, एक गोधडी पुरी केली, आणि ओठ पुन्हा झिणझिणले.

दवाखान्यातल्या अन्नपूर्णाबाई नर्सनं तिला समोर बसवून सगळं काढून घेतलं. घडीतल्या पांढऱ्या भुकटीचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. “अगं, डब्यावर छापलेलं असतं. अन्नाला लागू देऊ नका, पोरांपासून दूर ठेवा, हात धुवा. आणि तू ती दिवसभर चाटतेस?”

“मले डबा कुठं दिसते, बाई? गावाले पुडी दिसते.”

तेव्हापासून चांगुणा गाठोडं घेताना विचारायला लागली, “पावडर टाकली का वं? टाकली असंल तर सांगा, मी उकळून घेईन.” हिंमतरावांच्या घरी विचारलं, गाठोडं परत गेलं. जानरावांच्या घरी विचारलं, “आमच्या घरी ढेकून आहेत म्हनते का?” असं ऐकून परत आली. खरं कुणी सांगेना, म्हणून गूळ. मुंग्या आल्या तर शिवायचं, फिरकल्या नाहीत तर घडीत पावडर आहे असं समजायचं.

“आयकलं का?” पुष्पाबाई म्हणत होत्या. “माह्या घरी ढेकूनच नाई, तं पावडर कायले टाकीन मी? विमलले येऊन महिना झाला, एक नाई चावला तिले. कशी गाढ झोपते! दिवसा बी झोपते. डोकं जड झालं म्हनते अन् पडते. पहिलटकरीन आहे, व्हायचंच.”

चांगुणानं मान वर केली. ती पुष्पाबाईंकडे पाहायला लागली.

“काय पाह्यतेस?”

“काई नाई.”

“हे पाय चांगुणे, शेवटचं विचारते. शिवतेस का नाई? मी एकदा गाठोडं उचललं ना, तं धाडमधलं एक गाठोडं तुह्याकडे येनार नाई. हे तुले बी माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मंग?”

“मंग काय... मी थकली, पुष्पाबाई. भांडून बी थकली. माह्या तोंडात गेलं, जाऊ द्या, माहं किती राह्यलं आता! पन लेकरू गोधडीचं टोक चोखते. पहिले सहा महिने त्याले दुसरं काम काय असते? त्याले म्या शिवून कसं देऊ ते?”

पुष्पाबाई हळूच ओसरीच्या कडेला टेकल्या. त्या आपल्या दारी बसल्या, हे चांगुणानं पहिल्यांदाच पाहिलं.

“तुमच्या अंगनात उकळू नका,” चांगुणा म्हणाली. “मी उकळते. हितं, माह्या दारात, भर दुपारी, सोडा टाकून तीन पान्यात. लोकं म्हनतील, चांगुणाकडे ढेकून झाले. म्हनू द्या. माह्या घराले कोन सोयरीक घेऊन येऊन राह्यलं?”

पुष्पाबाईंनी लुगड्याचा एक काठ उचलला. हिरवा होता, उडालेला. उन्हात झटकल्यावर त्यातून बारीक काहीतरी तरंगत खाली बसलं. दोघींनीही ते पाहिलं.

“सोड्यानं रंग जाईल,” पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता.

“जाईल थोडा.”

“सासूबाईले हिरवा लई आवडे.”

“माहीत आहे. त्याइची पहिली गोधडी बी मीच शिवली.”

रस्त्यानं बाजाराची जीप धुरळा उडवत गेली. पुष्पाबाईंनी हात पदराला पुसला. एकदा पुसला, मग बोटं अलग अलग करून पुन्हा पुसला.

“एक विचारू?” चांगुणा म्हणाली. “लुगड्याचं सोडा. विमलच्या बाजेवर, गादीवर, उशीत... तिथं बी टाकली का?”

पुष्पाबाई उठल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, वहाण पायात सरकवली. ती उलटी गेली, पुन्हा काढून घातली. गाठोड्याकडे पाहिलं, पण ते उचललं नाही.

“पुष्पाबाई, विमलच्या गादीवर टाकली का?”

पुष्पाबाई ओसरी उतरल्या आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या. रामरावांच्या घरची बाई गावातून इतक्या झपाझप चाललेली कुणी पाहिली नव्हती.