केस वाढवायचेत

माझ्या उजव्या खांद्याने संप पुकारला तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं वेणी मी घालत नव्हते, तो घालत होता. हात छातीच्या वर जाईना. केस मात्र कमरेखाली. पिकलेले, विरळ, टोकाला उंदराच्या शेपटीएवढे, पण लांबी सोडायला तयार नाहीत. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

मग वेणी सुनेच्या गळ्यात पडली. ती गोळ्यांची पाकिटं भरायच्या कारखान्यात जाते, तिथलं फाटक सातच्या ठोक्याला बंद. सकाळी डबा, पाणी, कपडे, आणि त्यात मी स्टुलावर बसून सूचना करणार, "अगं, ओढू नकोस. अगं, सैल झाली." बिचारी कधी उलटून बोलली नाही. पण एकदा फोनवर मैत्रिणीला सांगताना माझ्या कानावर पडलं, "आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बसा म्हणालेत. आता सासूबाईंना कसं सांगू?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या शेपटीपायी पोरीची नोकरी जायची! ठरवलं, केस असे करून घ्यायचे, की माझे मला विंचरता आले पाहिजेत.

आता माझ्या जिभेची एक खोड सांगायला हवी. आईने लावलेली. घरातून निघताना 'जाते' नाही म्हणायचं, 'येते' म्हणायचं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तोडणं, कापणं असले शब्द तोंडातून निघाले, की पाठीत धपाटा बसायचा. धपाटे घालणारी गेली, खोड राहिली.

तर मी गेले कोपऱ्यावरच्या काचेच्या पार्लरात. तिथल्या मुलीने गोड हसून विचारलं, "काय करायचंय, आजी?"

मी म्हटलं, "केस वाढवायचेत."

ती माझ्या टाळूकडे बघून एकदम हळवी झाली. "अय्या, या वयात! किती छान!" आणि आत पळाली ती बाटली घेऊन आली. तासभर माझं डोकं चोळलं. तीन महिन्यांत फरक पडेल म्हणाली. बडबडण्यात हयात गेली, पण तेव्हा तोंड उघडेन तर शपथ! घरी आले ती तेलाने निथळत, काखेत बाटली.

मुलगा म्हणाला, "आई, तू केस कमी करायला गेली होतीस ना?"

"गेले होते."

"मग?"

"वाढतील आता," मी म्हटलं. सून हसता हसता जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला त्याच्या नेहमीच्या न्हाव्याकडे घेऊन गेला. या वेळी बोलायचं काम मुलानेच केलं. दोन्ही बाजूंना गालाला फेस लावलेले बाप्ये, मध्ये मी. न्हाव्याने कात्री घेतली, वेणी उचलली, परत खाली ठेवली. "काकू, माझ्या आईची अश्शीच होती. माझा हात नाही चालायचा." आणि लागला डोळे पुसायला. मी केस उतरवायला गेले होते, आणि बसले त्याच्या पाठीवरून हात फिरवत. तोही डावा.

शेवटी सुनेच्या मैत्रिणीने एका बाईचा पत्ता दिला. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली, एक खुर्ची, एक खिडकी. बाई साठीची, हाडापेराने दणकट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी खुर्चीत बसले आणि जिभेने पुन्हा दगा दिला, "केस वाढवायचेत हो."

बाई हसली नाही. "माझी आजीही असंच बोलायची. किती वाढवू? मानेपर्यंत?"

माझ्या जिवात जीव आला. पण तिने कात्री घेतलीच नाही. माझ्या डाव्या हातात फणी दिली. "आधी विंचरून दाखवा."

"अहो, तेच तर येत नाही."

"येईल तेवढं दाखवा."

मी फणी चालवली. कपाळ झालं, कान झाला, मानेच्या खळीपाशी हात अडला. तिने तिथे एक चिमटा खोचला. "इथपर्यंतचे केस तुमचे. खालचे तुमच्या सुनेचे."

मग कात्री चालवता चालवता सांगत होती. हाडांच्या वॉर्डात बावीस वर्षं आया होती. प्लॅस्टरमधल्या बायकांची डोकी विंचरणं हे तिचंच काम. "दुखण्याला नाही रडायच्या त्या. दुसऱ्याने फणी लावली, की रडायच्या. म्हणून मी केस ज्यांचे त्यांना विंचरता येतील एवढेच ठेवायला लागले."

"शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? बँडेज कापायच्या कात्रीने सुरुवात केली. पहिल्या बाईचे असे काही कापले, की तिचा नवरा भेटायला आला आणि दुसऱ्याच खाटेपाशी जाऊन बसला. अर्धा तास!"

मी हसले, मान हलली, तिने माझं डोकं भोपळ्यासारखं धरून सरळ केलं. गुडघे गेल्यावर तिने वॉर्ड सोडला आणि ही खुर्ची मांडली. एकटीच राहते. पाटीबिटी काही नाही. "हात मोडलेली माणसं बरोबर शोधत येतात," म्हणाली.

वेणी तिने माझ्या मांडीवर ठेवली. उचलून बघितली तर मुठीत मावली. एवढ्याशा ऐवजासाठी मी सबंध घर कामाला लावलं होतं!

घरी नातवंडांनी विचारलं, "ही कोण आजी?" मुलगा म्हणाला, "बाबांसारखी दिसतेस." ते ऐकून मी दोन तास आरशाकडे गेले नाही.

दुसऱ्या सकाळी मुद्दाम लवकर उठले. घरात धड आरसा एकच, मोरीतला. आत गेले, कडी लावली, डाव्या हाताने विंचरलं. जमलं! म्हणून परत मोडलं आणि परत विंचरलं. एकदा भांग डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा भांगच नाही. बाहेरून सून दार बडवायला लागली.

"आई, झालं का? मला उशीर होतोय!"

मी बाहेर आले तेव्हा सून डबा पिशवीत कोंबत होती. स्वतःचे केस तसेच मोकळे, पिंजारलेले. तोंडावर पाणी मारलं आणि क्लिप दातांत धरून धावत सुटली.

संध्याकाळी मी दारातच उभी राहिले. "पोचलीस वेळेवर?"

"दोन मिनिटं आधी. पण सगळ्या विचारत होत्या, आज वादळ आलं होतं का म्हणून." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "उजवीकडचा भांग शोभतो हो तुम्हाला."

हल्ली ती गेल्यावरच मी आरशापुढे उभी राहते. तिथे मग नऊ वाजले तरी कुणाला काही पडलेलं नसतं.